कालपर्यंत बाबा असे नव्हते

शेंद्र्यात औद्योगिक वसाहत आली आणि जालना रोडला दवाखानेही वाढले. त्यातल्या एकात मी स्टाफ नर्स आहे. अपघात विभागात कंपन्यांतली पोरं येतात, कुणाचं बोट मशीनमध्ये सापडलेलं, कुणाच्या डोळ्यात कचरा. वॉर्डात मात्र कुंभेफळ, लाडगाव, करमाडकडची म्हातारी माणसं जास्त. मुलं शिफ्टमध्ये अडकलेली, त्यामुळे सोबतीला बहुधा एखादा नातू.

असेच एक बाबा होते. खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालेलं. सकाळी मला गावाची, मंगीरबाबाच्या यात्रेची माहिती सांगत होते. रात्रपाळीला वॉर्डाचा ताबा, म्हणजे ओव्हर, घेताना कळलं, ‘बाबा लई त्रास देतायत. सलाइन उपटलं, मावशीला शिव्या दिल्या.’ जवळ गेले तर माझा हात झटकून ओरडले, “कामून धरता मला? मह्या बैलायला पाणी पाजायचंय!” नातू रडवेला झाला होता. हातपाय बांधा, असं शेजारच्या पेशंटचे नातेवाईक म्हणू लागले.

मी खाटेचा कठडा लावला, नातवाला एका बाजूला उभं केलं आणि स्टूल ओढून बाबांच्या नजरेसमोर बसले. उभं राहून वरून बोललं की म्हातारं माणूस आणखी बिथरतं. “बाबा, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. बैलांचं बघायला घरी माणसं आहेत. दुखतंय का कुठं?” ते काही बोलले नाहीत, पण हात सारखा ओटीपोटाकडे जात होता. पांघरूण बाजूला केलं. पोट टणक लागलं. खाटेखाली लघवीच्या नळीची पिशवी (युरोबॅग) जवळजवळ रिकामी, आणि तक्त्यावर दुपारनंतर लघवीची नोंदच नव्हती.

रात्रीच्या डॉक्टरांना फोन लावला. ‘पेशंट त्रास देतोय’ एवढंच कानावर पडलं, तर चार वॉर्ड सांभाळणारा माणूस झोपेचं इंजेक्शनच सांगणार. त्यात त्याचाही दोष नाही. मी म्हणाले, “सर, खुब्याच्या ऑपरेशनचे बाबा. सकाळी नाव, गाव, दिवस बरोबर सांगत होते, संध्याकाळपासून भ्रमात आहेत. दुपारनंतर लघवीची नोंद नाही, ओटीपोट टणक आहे. नळी तुंबली असावी असं मला वाटतं. येऊन बघता का?” ते आले, नळी बदलली. पिशवीत भराभर लघवी उतरली, अर्ध्या लिटरहून जास्त. तासाभरात बाबांना झोप लागली. तपासणीत लघवीत जंतुसंसर्ग निघाला, त्याचं औषध सुरू झालं. भ्रम लगेच गेला नाही, थोडे दिवस मागेपुढे होत राहिला.

याला डिलिरियम म्हणतात. म्हातारपणी, विशेषतः खुब्याच्या ऑपरेशननंतर, तो बऱ्याच जणांना होतो. अडलेली लघवी, बद्धकोष्ठ, न सांगितलेल्या वेदना, रक्तातलं सोडियम कमी होणं, एखादं नवीन औषध, मोडलेली झोप, काढून ठेवलेला चष्मा, यांतलं काहीही पुरतं. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. जो गप्प पडून राहतो, जेवत नाही, हाकेला उशिरा ओ देतो, त्याचा डिलिरियम अनेकदा नजरेतून सुटतो. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

त्या रात्री मी फोनवर बोलले तसं, आधी काय घडलंय, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज, शेवटी काय हवंय, अशा क्रमाने डॉक्टरांशी बोलण्याच्या पद्धतीला एसबीएआर म्हणतात. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून दवाखान्यांत आली. नव्या सिस्टर ‘अंदाज’ सांगायला कचरतात. डॉक्टर रागावतील असं त्यांना वाटतं. माझं त्यांना एकच सांगणं असतं: पेशंटजवळ आठ तास आपण असतो, आपण पाहिलेलं आपण नाही बोललो तर कोण बोलणार? आणि केस पेपरवर ‘असहकार्य’ लिहून मोकळं होऊ नका. पेशंटने काय केलं, किती वाजता केलं, ते लिहा.

नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे. म्हाताऱ्या माणसाला दाखल करताना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. आणि ‘कालपर्यंत असे नव्हते’ असं वाटलं, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. त्याच क्षणी सिस्टरला येऊन सांगा.