बराक क्रमांक २७ मधले चौघे

युरोपचा नकाशा काढा बरं. जर्मनी आणि पोलंड यांच्या सरहद्दीवर एक नदी दिसेल. जर्मन लोक तिला नायसे म्हणतात, पोलिश लोक निसा. तिच्या पश्चिम काठावर ग्यॉर्लिट्झ आणि पूर्व काठावर झ्गोझेलेत्स. (हे नाव वाचताना माझ्या वर्गाची जीभ पार अडखळली!) पूर्वी हे एकच जर्मन शहर होतं. १९४५ नंतर नदीच सरहद्द ठरली आणि शहराचे दोन तुकडे झाले. आता मात्र पादचारी पुलावरून या देशातून त्या देशात चालत जाता येतं.

आपल्याला जायचंय पूर्वेकडे. झ्गोझेलेत्सच्या दक्षिणेला, आज जिथे झाडी आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी होती. १९४० मध्ये फ्रान्स हरला आणि हजारो फ्रेंच सैनिक इथे आणले गेले. त्यांत ऑलिव्हिए मेसियाँ नावाचा चष्मा लावणारा एक संगीतकार होता. वय एकतीस. पक्ष्यांच्या आवाजाचं त्याला भारी वेड!

आंरी आकोका क्लॅरिनेट वाजवायचा. एतिएन पास्किए चेलो वाजवायचा. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. हे दोघे मेसियाँला छावणीत येण्याआधीच भेटले होते. पकडले गेल्यावर एका उघड्या मैदानात आकोकाने मेसियाँची नवी रचना वाजवून पाहिली, तेव्हा कागद हातात धरून पास्किए उभा राहिला. माणसाचाच स्टँड! रचना फार अवघड आहे अशी आकोकाची कुरकूर होतीच. छावणीत ज्याँ ल बूलेर हा व्हायोलिनवादक भेटला. कैद्यांनी वर्गणी काढली आणि पास्किएला पहाऱ्यात शहरात नेऊन चेलो घेऊन दिला.

पाश्चात्त्य संगीतात ‘चेंबर म्युझिक’ असा एक प्रकार आहे. चेंबर म्हणजे खोली. खोलीत मावतील एवढेच वादक, प्रत्येकाचा सूर वेगळा आणि समोर काठी हलवणारा कुणी नाही. आपल्या भजनात टाळकरी कसे एकमेकांकडे बघून लय सांभाळतात, तसंच. यात दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो ही जोडणी सगळ्यांत प्रसिद्ध. मेसियाँजवळ मात्र व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि तो स्वतः पियानोवर. असा मेळ क्वचितच कुणी जमवला असेल. पण जे चौघे होते, त्यांच्यासाठीच त्याने लिहिलं.

आधी तिघांसाठी एक छोटा तुकडा झाला. तो वाजवून पाहिला कुठे? न्हाणीघरात! मग काम वाढत गेलं. कार्ल-आल्बर्ट ब्र्युल नावाच्या जर्मन पहारेकऱ्याने मेसियाँला कागद, पेन्सिली, खोडरबर आणून दिले, लिहायला एकांत मिळवून दिला. शत्रूच्या गणवेशातला माणूस, बरं का!

१५ जानेवारी १९४१. बाहेर बर्फ, पोटात भूक. नाटकांसाठी ठेवलेल्या २७ नंबरच्या बराकीत कैदी दाटीवाटीने बसले, पुढच्या रांगेत जर्मन अधिकारी. जुन्या पियानोच्या पट्ट्या दाबल्या की खालीच अडकायच्या. चेलोला तीनच तारा होत्या, असं मेसियाँ पुढे सांगायचा. पास्किए म्हणायचा, छे, चारही होत्या! मला तर वाजवणाऱ्याचंच खरं वाटतं. ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’ ही आठ भागांची रचना जवळजवळ पाऊण तास चालली. तिसऱ्या भागात बाकीचे तिघे गप्प. एकटा क्लॅरिनेट पक्ष्यासारखा गातो. मैदानात वाजवलेली ती हीच रचना.

त्याच वर्षी मेसियाँ सुटला. त्यासाठी ब्र्युलने खोटे कागद करायला मदत केली होती. आकोका ज्यू होता, त्याच्या जिवाला जास्त धोका. त्यानेही १९४१ मध्येच धावत्या आगगाडीतून उडी मारली आणि निसटला. उडी मारताना क्लॅरिनेट त्याच्या काखेत होता.