त्याचा उपयोग काय?

माझ्या पुतणीला बारावीनंतर भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करायचे आहे. घरात सर्वांचा एकच प्रश्न, "त्याचा उपयोग काय?" प्रश्न काळजीपोटी आहे, म्हणून उत्तर द्यावेसे वाटते.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या मणक्याचा एम.आर.आय. काढला. ती चित्रे पाहून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. या यंत्राचे मूळ १९४६ सालच्या प्रयोगांत आहे. फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी, चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रे रेडिओ लहरींना कसा प्रतिसाद देतात, हे स्वतंत्रपणे मोजले. हेतू अणुकेंद्र समजून घेण्याचा होता, रोग शोधण्याचा नव्हे. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी त्याच तत्त्वावर पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र मिळवले.

यंत्राला प्रबळ चुंबकही हवा. अमेरिकेतील फर्मीलॅबने मूलकणांच्या अभ्यासासाठी त्वरक उभारताना अतिसंवाहक तार मोठ्या प्रमाणावर बनवून घेतली. त्यातून कारखान्यांचा हात बसला आणि तशीच तार एम.आर.आय.च्या चुंबकांसाठी मिळू लागली. अशा रीतीने मोठा उद्योग उभा राहिला.

हे आपोआप घडले नाही. शोध लावणारे जसे लागले, तसेच तो कारखान्यापर्यंत नेणारे अभियंते आणि भांडवल घालणारेही लागले. आपल्या इंदुरातच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा त्वरक आहे. तेथेही दोन्ही प्रकारची माणसे लागतात.

पालकहो, उपयोग जरूर विचारा. पण ब्लॉक-पर्सेल यांच्यापासून लॉटरबरपर्यंत सत्तावीस वर्षे गेली, हेही मुलांना सांगा. पुतणीचा अर्ज मी स्वतः भरून देणार आहे.