पाठीवरचे पाणी

मराठीत ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थ ‘पाणी’ असाही आहे. घरी नळाखाली पेला धरताना तो अर्थ आपल्या ध्यानात येत नाही. डोंगर चढताना मात्र तो चटकन कळतो.

एका हिवाळ्यात आमच्या शाळेचे शिबिर रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला होते. सकाळी आम्ही गड चढू लागलो. पायऱ्या पुष्कळ होत्या आणि ऊन वाढत होते. अर्ध्या वाटेवर आठवीतला एक मुलगा एकदम खाली बसला. त्याचे ओठ सुकले होते, डोके गरगरत होते. आम्ही त्याला सावलीत नेऊन थोडेथोडे पाणी पाजले. हळूहळू त्याला बरे वाटले. आश्चर्य म्हणजे त्याच्या पिशवीत पाण्याने भरलेली बाटली होती!

“बेटा, पाणी का प्यायला नाहीस?” मी विचारले.

तो हळूच म्हणाला, “सर, बाटली कपड्यांच्या खाली होती. माझ्यासाठी सगळ्यांना थांबावे लागले असते.”

त्याचे हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. चालता चालता, कोणालाही न थांबवता पाणी पिता आले तर?

पाणी पाठीवर नेण्याची युक्ती जुनीच आहे. पूर्वी भिश्ती कातड्याच्या मशकीतून पाणी नेत. मोठ्या मशकीला मराठीत ‘पखाल’ म्हणतात. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या भिश्त्याने त्याला मशकीच्या आधाराने वाचवले. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मायकेल आयडसन या सायकलपटूने टेक्सासच्या कडक उन्हातील शर्यतीसाठी सलाइनची पिशवी पाण्याने भरली, मोज्यात घातली आणि पाठीवर अडकवली. नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्याला पाण्यासाठी थांबावे लागले नाही.

आम्हीही वर्गात असे साधन बनवले. पाण्याची एक स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घेतली. तिच्या झाकणाला दोन भोके पाडली. मोठ्या भोकातून पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी नवी, मऊ नळी तळापर्यंत सोडली. दुसरे भोक अगदी बारीक ठेवले. ते कशासाठी? आपण नळी ओढतो तेव्हा हवेचा दाब बाटलीतले पाणी नळीत वर ढकलतो. बाहेरची हवा आत गेली नाही, तर दोन-चार घोटांनंतर पाणी येईनासे होते. नळीचे टोक दुमडून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला.

आता पिशवी हवी होती. तोच मुलगा उभा राहिला. “सर, माझे अब्बा शिंपीकाम करतात. पिशव्या ते शिवून देतील.” मुलांनी घरून जुन्या पँटी आणल्या. त्याच्या अब्बांनी एकेका पायाची एकेक पिशवी शिवली आणि तिला रुंद पट्टे लावले. पैसे विचारले, तर ते हसून म्हणाले, “मुलांचे पाणी आहे, सर. त्याचे पैसे कसले?”

पिशवीचे कापड ओले ठेवले की पाणी गार राहते. कापडातले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. सुरईतही हेच घडते.

मुलांनो, तुम्हीही हे साधन करून पाहा. मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवा. त्यात सरबत भरू नका. साखरेमुळे नळीत जंतू वाढतात. घरी आल्यावर बाटली व नळी साबणाने धुऊन उलटी टांगून वाळवा. दोन लिटर पाण्याचे वजन दोन किलो होते. म्हणून लहान मुलांनी एक लिटरचीच बाटली घ्यावी.

आता आमच्या सहलीत तो मुलगा रांगेच्या पुढे असतो. दर थोड्या वेळाने तो मागे वळून ओरडतो, “दोन घोट प्या रे!” मग सगळ्या नळ्या एकदम तोंडाशी जातात. पाणी मागायला लाजणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना विचारणारा एक तरी मित्र त्यांच्याजवळ असावा.