दिवसाचं भाडं

गळाने मासे धरायला दिवसभरासाठी बोट ठरवली की बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात: मासे किती मिळतील? हौसेने पैसे मोजणाऱ्याने हे विचारणं साहजिक आहे. पण भाडं या प्रश्नाला बांधलं की सगळा व्यवहार बिघडतो, असं माझं ठाम मत आहे. किलोमागे इतके, किंवा मोठा मासा लागला तर वर इतके, अशा बोलीने निघालेली बोट अखेर जाळ्याच्या बोटीसारखीच वागते, फक्त तिच्या हातात जाळं नसतं. उलट दिवसाचं भाडं आधी ठरलेलं असेल, मासा मिळो न मिळो ते पूर्ण द्यायचं असेल, तर त्या बोटीवर एक वेगळीच गोष्ट शक्य होते. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला मासा पाण्यात राहू देणं परवडतं. अशी दुसरी व्यवस्था निदान मला माहीत नाही, आणि नाटे गावासारख्या ठिकाणी तिचं मोल फार मोठं आहे.

नाटे राजापूर तालुक्यातलं. अर्जुना नदीची खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाजवळ यशवंतगड उभा आहे, पुढे मुसाकाजी आणि आंबोळगड, आणि लगतचं साखरी नाटे हे मच्छीमारांचं मोठं बंदर. इथल्या बोटीचा हिशेब सोपा आणि निर्दय असतो. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती आणि खलाशांचा वाटा, हे सगळं मालाच्या वजनातून निघायचं. वजन कमी भरलं की तोटा, म्हणून पुढच्या फेरीला आणखी दूर जायचं, आणखी बारीक आसाचं जाळं टाकायचं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे थव्याला वेढणारं मोठं जाळं टाकणारे, यांच्यात वर्षानुवर्षं जो झगडा चालू आहे, त्याचं मूळ याच हिशेबात आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या प्रकाशातली मासेमारी बंद केली. आदेश योग्यच होते. पण वजनावर जगणाऱ्या माणसाला कमी धर असं सांगणं म्हणजे त्याला कमी जेव म्हणण्यासारखं आहे. त्याला कमी धरूनही जगता येईल असा मार्ग दाखवला, तरच तो आदेश टिकतो. गरवणाऱ्याची, म्हणजे एकेका गळावर एकेक मासा धरणाऱ्याची, किलोच्या स्पर्धेत जाळ्यासमोर हारच ठरलेली. दिवसाचं भाडं त्याला त्या स्पर्धेतूनच बाहेर काढतं.

मग हे भाडं नेमकं कशाचं? माझ्या मते ते बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या निर्णयांचं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, पहाटे जमिनीकडून मतलई वाहते आणि समुद्र सपाट असतो. दुपारी वायव्येचा वारा चढतो आणि छोट्या बोटीला पाणी झोडपू लागतो. म्हणजे दिवसाचे कामाचे तास किती आणि परत कधी फिरायचं, हे वाराच ठरवतो. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात धावतं आणि गढूळ होतं, शिसं तळाशी ठरत नाही. भरती-ओहोटी मंद असते त्या भांगाच्या दिवसांत तेच शिसं जागेवर राहतं आणि खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, गरवता येतं. खाडीचं मातकट पाणी आणि बाहेरचं निळं पाणी जिथे भिडतं त्या रेषेवर तारली आणि बांगडे गोळा होतात, त्यांच्या मागे सुरमई आणि गेदर येतात, आणि वर कुररी पक्षी सूर मारू लागतात. बुडालेलं खडप कुठे आहे हे आता जीपीएस सांगतं, पण गडाचा बुरूज आणि मागचा डोंगर एका रेषेत आणून जागा धरण्याची जुनी रीत ज्याला येते, त्याचं खडपाचं ज्ञान यंत्रातल्या आकड्यांहून खोल असतं. कोणत्या बाजूला ओढ आहे, कोणत्या कडेवर तांबोशी राहते, कुठे गळ अडकून तुटतो, हे त्याला ठाऊक असतं. सुरमईसाठी बोट चालती ठेवून मागे आमिष ओढायचं, तर वेग किती, दोर किती लांब, गळाच्या वर पोलादी तार किती, हेही तोच ठरवतो. तार लागतेच, कारण सुरमईचे दात नायलॉनची दोरी एका चाव्यात तोडतात.

एका दिवसाची हद्द ओळखणं हाही याच कसबाचा भाग. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. तिथे प्रवाळ आहेत, आणि त्याची उथळ माथ्याची जागा जेमतेम 20 मीटर खोल आहे. हौशी माणसाला तिथे जायचं असतंच. पण ताशी सात-आठ सागरी मैलांनी चालणाऱ्या साध्या बोटीला एका बाजूचंच अंतर कापायला सात-आठ तास लागतात. जो तांडेल एका दिवसात तिथे नेऊन आणण्याचा शब्द देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. भाडं मिळणारच असेल, तर तांडेल कष्ट कशाला करेल? आक्षेपात तथ्य आहे, पण उलट व्यवस्थेचे परिणाम जगाने पाहिले आहेत. हवाई बेटांवर भाड्याच्या बोटीवर धरलेला मासा बोटीचा, असा जुना रिवाज आहे. मासा बाजारात विकून बोटवाला आपली कमाई वाढवतो. अशा ठिकाणी मासा सोडून देण्याचा आग्रह धरणारा पाहुणा बोटवाल्याच्या खिशात हात घालत असतो. माणूस कितीही भला असला तरी हा ताण जात नाही. ठरलेल्या भाड्यात आळशी तांडेल निघू शकतो, पण त्याचा आळस पाहुण्याला दिवसभर समोर दिसतो, आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा कुणी येत नाही. किलोच्या बोलीतलं नुकसान मात्र पाण्याखाली होतं आणि कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि आम्हा गळवाल्यांपैकी अनेक जण तो टाळतात. सोडलेला मासा खरंच जगतो का? उत्तर माशाच्या जातीवर आणि पाण्याच्या उबेवर अवलंबून आहे. ऊबदार पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो, आणि झुंजणाऱ्या माशाची गरज मात्र वाढलेली असते. सुरमई आणि गेदर यांना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी सतत पोहावं लागतं. दमून थांबले की त्यांचा श्वासच थांबतो. म्हणून बारीक दोरीवर मोठा मासा तासभर खेळवण्यात पराक्रम मानणारी जी परंपरा आहे, ती आपल्या समुद्रात मला साफ नामंजूर आहे. 1939 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन दोरीच्या ताकदीनुसार विक्रम नोंदवते, त्यामुळे बारीक दोरीला प्रतिष्ठा मिळाली. इथे जाड दोर वापरावा, मासा लवकर जवळ घ्यावा, गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा आणि मासा पाण्याबाहेर न काढता मोकळा करावा. आमिष लावून थांबायचं असेल तर टोक आत वळलेला गोल गळ घ्यावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. (जवळच्या माडबनच्या प्रस्तावित अणुप्रकल्पातून समुद्रात येणाऱ्या गरम पाण्याबद्दल इथले मच्छीमार इतकी वर्षं बोलत आहेत, ते याच कारणाने. आधीच ऊबदार असलेल्या पाण्यात थोडी वाढही माशाला जड जाते.)

खडपावरच्या माशांची गोष्ट निराळी. सुरमईला वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, नसतो, पण तांबोशी आणि गोबरा यांना असतो. 30 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे तिथून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवा चौपट फुगते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर पडतं. असा मासा नुसता पाण्यावर टाकला तर तो तरंगत राहतो आणि घारीच्या तोंडी जातो. त्याला शिशाच्या वजनाने पुन्हा खोल नेऊन सोडलं तर काही जगतात, पण त्यावर भरवसा ठेवणं ही मनाची समजूत आहे. खडपावर प्रामाणिक नियम एकच: जेवणापुरते दोन-तीन मासे घ्यावे आणि जागा सोडावी. मासे लागत असताना जागा सोडणं ही समुद्रावरची सर्वांत अवघड गोष्ट आहे. वजनावर कमावणारा तांडेल ती करू शकत नाही. दिवसाचं भाडं घेतलेला करू शकतो.

जो मासा ठेवायचा त्याच्याशीही नीट वागायला हवं. सुरमई, गेदर, कुपा आणि बांगडा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. उन्हात मासा पडून राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर पुरळ, डोकेदुखी, धडधड, हा त्रास त्यातूनच होतो. मासा लागताच रक्त काढून बर्फात पुरायचा, म्हणून बर्फ निघतानाच भरपूर घ्यायचा. आकाराचाही प्रश्न आहे. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवले, त्यात सुरमईला 370 मिलिमीटर. पण सुरमई अंडी घालण्याजोगी होते ती सुमारे 70 सेंटिमीटरच्या आसपास. कायदा जाळ्यासाठी लिहिलेला आहे आणि जाळ्याला निवड करता येत नाही. हातात एकच मासा असलेल्या माणसाला ती करता येते, म्हणून त्याने स्वतःची मर्यादा कायद्याच्या दुप्पट ठेवावी.

गावातला माणूस मात्र वेगळंच विचारतो: खायचा नाही तर धरायचा कशाला? हा प्रश्न मला सगळ्यांत खरा वाटतो, आणि म्हणूनच केवळ धरून सोडण्याचा खेळ मी इथे मागत नाही. घरी नेण्यापुरतं धरावं, ते पोटभर खावं, आणि उरलेला दिवस पाणी, वारा आणि पक्षी वाचण्यात घालवावा. ते वाचन शिकवणारा माणूस बोटीवर आहे आणि त्याचे पैसे चुकते झालेले आहेत. फोटोसाठी दहा सुरमया उन्हात धरून ठेवणाऱ्याला या समुद्रावर जागा नसावी.

उरतो व्यवहाराचा प्रश्न. मच्छीमार बोटीला मासेमारीचा परवाना 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय विभाग देतो, आणि प्रवासी नेण्याची परवानगी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. गळाने गरवायला चार पाहुणे नेणारी बोट या दोन्हींच्या मध्ये अडकते. मालवण-तारकर्लीने पर्यटनातून बोटवाल्यांना पैसा मिळवून दिला हे खरं, पण मे 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला, हेही तितकंच खरं. म्हणून अशा बोटींसाठी वेगळा परवाना हवा: बोटीवर जाळं नाही, पाहुणे मोजके, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, तांडेल बंदरातलाच, भाडं दिवसाचं, आणि 1 जूनपासूनच्या बंदीत बोट किनाऱ्याला. ही मागणी साखरी नाट्याच्या मच्छीमारांनीच पुढे न्यायला हवी. बाहेरून हौसेने येणाऱ्या आम्हा गळवाल्यांनी त्यांच्या अर्जावर त्यांच्याखाली सह्या कराव्यात.