खैरात नव्हे, हक

टक्के म्हणजे आम्हा शिक्षकांची रोजची भाकरी. ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, ९० च्या वर गेलं की मोहल्ल्यात पेढे. पण टक्क्यांची आणखी एक दुनिया आहे. तिथं जास्त टक्के मिळावेत म्हणून कुणी दुआ मागत नाही, तरी एका टक्क्यावरून माणूस पास-नापास होतो. सैन्यातून घरी आलेल्या माणसाच्या अपंगत्वाचे टक्के मी म्हणतेय. तिथं पासाची रेघ २० वर आहे. नेहमीप्रमाणे सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला १९ टक्के अपंगत्व असेल तर त्यापोटी काही नाही. २० असेल तर पुढची पायरी.

माझा आणि फौजेचा संबंध एवढाच की माझे मामू तोफखान्यात होते. १९८३ साली भरती झाले, नाशिक रोडला ट्रेनिंग घेतलं आणि २२ वर्षं तोफांच्या शेजारी उभं राहून २००५ च्या शेवटी हवालदार म्हणून घरी आले. आमच्या सातारा भागात घराघरात फौजी, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल वाटायचं ते त्यांच्या बोलण्याचं. मामू ओरडून बोलायचे. आम्ही मुलं म्हणायचो, फौजी आवाज आहे. मुमानी मात्र म्हणायची, "आवाज कसला डोंबलाचा, कान गेलेत त्यांचे. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्यावर ओरडतात." मशिदीत पहिल्या सफेत, इमामसाहेबांच्या अगदी मागं जागा धरायचे. धार्मिक म्हणून नव्हे, तक्बीर ऐकू यावी म्हणून.

२०१६ मध्ये वन रँक वन पेन्शनची थकबाकी बरोबर आली की नाही हे बघायला मुमानी कागदांची थैली घेऊन माझ्याकडे आली. घरात शिकलेली मी एकटीच असं नाही, पण बी.एड. झालेली मास्तरीण म्हणजे अर्जही तिनंच लिहायचा आणि सरकारी पत्रही तिनंच वाचायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. थैलीत मला २००६ सालचं एक इंग्रजी पत्र सापडलं. दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी, अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी. परंतु हे अपंगत्व सेवेमुळे आलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, सबब दावा नामंजूर. खाली लिहिलं होतं की मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. मामूंनी ते पत्र दहा वर्षं घडी करून ठेवलं होतं.

इंग्रजीत या शेऱ्याची आद्याक्षरं जोडली की 'नाना' असा शब्द तयार होतो, आणि सैनिकी पेन्शनच्या दुनियेत तो असाच बोलला जातो. "माझ्या कागदावर नाना मारलाय," असं माजी सैनिक सांगतात. मराठीत नाना म्हणजे वडीलधारे, आमच्यात आईचे वडील. दोन्हीकडे मायेचं माणूस. इथं मात्र हा नाना दारात उभा राहून आत येऊ देत नाही.

ही भानगड आहे तरी काय, ते सोपं करून सांगते. मलाही ती कागद वाचूनच समजली.

जवान निवृत्त होताना त्याची प्रकृती खालच्या श्रेणीत असेल तर वैद्यकीय मंडळ बसतं. मंडळ दोन प्रश्नांची उत्तरं देतं. पहिला: अपंगत्व किती? त्याच वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करून टक्के ठरतात. तो माणूस आता किती कमावू शकेल, याचा त्यात हिशेब नसतो. दुसरा प्रश्न: ते आलं कुठून? सेवेमुळे आलं का, किंवा आधीपासून असलेलं सेवेमुळे बळावलं का? २० टक्के आणि या दोनपैकी एक 'हो', असं दोन्ही जमलं तरच अपंगत्वाची पेन्शन. हे सगळं ज्या फॉर्मवर लिहितात त्याचा नंबरही १६ च. आम्हा शिक्षकांना फॉर्म १६ म्हटलं की इन्कमटॅक्स आठवतो. फौजींना मेडिकल बोर्ड.

आता पैशाचा हिशेब. शेवटच्या पगाराच्या ३० टक्के ही १०० टक्के अपंगत्वाची रक्कम. समजा पगार ४०,००० रुपये. १०० टक्क्यांना महिना १२,०००. २० टक्क्यांना त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे २,४००. हे नेहमीच्या पेन्शनच्या वर, आणि त्यावर महागाई भत्ताही. पुढं आणखी एक पायरी आहे. टक्के ठरवणं हे काही दूध मापणं नव्हे, एक डॉक्टर २० म्हणेल तर दुसरा ३०. म्हणून सरकारनंच पायऱ्या केल्या: ५० पेक्षा कमी असेल ते ५० धरायचं, ५० ते ७५ असेल ते ७५, आणि ७६ च्या पुढं १००. म्हणजे २० टक्केवाल्याला २,४०० नव्हे, ६,००० मिळायला हवेत. सुरुवातीला हा फायदा आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांपुरताच धरला जायचा. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार यांच्या प्रकरणात सांगितलं की सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळायला हवा.

पण मामूंची गाडी आधीच्याच फाटकाशी अडली होती. टक्के होते, कारण नाकारलं होतं. त्यासाठी दुसरा निकाल कामाला येतो, धरमवीर सिंग यांचा. हे गृहस्थ १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाले आणि मिरगीच्या आजारामुळे १९९४ मध्ये घरी पाठवले गेले. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असं मंडळानं लिहिलं. २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणणं साधं होतं. भरती करताना तुम्ही माणूस ठोकून-बजावून, धडधाकट म्हणून घेतलात. त्या वेळच्या कागदावर आजाराची नोंद नाही. मग नंतर आलेलं दुखणं सेवेतूनच आलं असं धरून चालायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकाची नाही, नोकरी देणाऱ्याची. मंडळानं कारण लिहायला हवं, आणि शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला.

मी माहिती अधिकारात अर्ज लिहिला आणि मामूंच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदांची प्रत मागवली. भरतीच्या वेळी दोन्ही कान उत्तम. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: सेवेशी संबंध नाही. का नाही, ते कुठंच नव्हतं. परीक्षेत मुलानं फक्त उत्तर लिहिलं आणि पायऱ्या दाखवल्या नाहीत तर आम्ही गुण कापतो. इथं २२ वर्षं तोफेशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे कान तोफेनं गेले नाहीत, असं उत्तर होतं आणि पायरी एकही नव्हती.

मला वाटलं, आता मामू खूश होतील. मामू भडकले.

"मी मागू? अगं, माझ्याबरोबरचे कितीजण पेटीतून घरी आले. मला अल्लाहनं हातीपायी धड आणलं. कानासाठी सरकारपुढं झोळी पसरू? पेन्शन चालू आहे ना!"

हा झाला एक अडसर. दुसरा त्यांनी रात्री जेवण झाल्यावर, हळू आवाजात सांगितला. म्हणजे त्यांच्या मानानं हळू. "फौजेविरुद्ध कोर्टात जायचं? जिचं मीठ खाल्लं तिच्याविरुद्ध? आणि आपल्या नावाच्या माणसानं? लोक काय म्हणतील ते तुला ठाऊक नाही का?"

मला ठाऊक होतं. आपल्या नावाच्या माणसाला वफादारीची पावती खिशात घेऊन फिरावं लागतं, आणि मामूंच्या लेखी ती पावती म्हणजे त्यांची २२ वर्षं होती. तिच्यावर डाग पडेल, ही त्यांची भीती. बाकीच्या फौजींना फक्त संकोच असतो, मामूंना संकोच आणि वर ही भीती. वाद घालून ती जात नाही.

मग मी माझ्या विषयाकडे वळले. म्हटलं, मामू, तुम्ही दोन शब्दांची गल्लत करताय. खैरात आणि हक. दोन्ही अरबीतून आले, उर्दूतही आहेत आणि मराठीतही. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दिली तर त्याचं सवाब, नाही दिली तर तुम्ही विचारू शकत नाही. हक तसा नाही. अरबीत हक म्हणजे अधिकार आणि हक म्हणजे सत्यही. अल्लाहच्या नावांत एक नाव अल-हक आहे. मजुराची मजुरी ठेवून घेतली तर मजूर मागायला गेला म्हणून कुणी त्याला भिकारी म्हणत नाही. तुमचा कान तोफेनं घेतला. त्याची किंमत फौजेच्याच नियमात लिहिलीय, मी लिहिलेली नाही. आणि जिथं जायचंय ते सशस्त्र सेना न्यायाधिकरण संसदेनं २००७ च्या कायद्यानं सैनिकांसाठीच काढलंय. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. तिथं न्यायमूर्तींच्या शेजारी फौजेतले निवृत्त बडे अधिकारी बसतात. ते काय तुम्हाला गद्दार म्हणतील?

मामू काही बोलले नाहीत. चार दिवसांनी मुमानीचा फोन आला, "सही कुठं करायची विचारतायत."

पुढची कहाणी लांब आहे, थोडक्यात सांगते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मार्ग कळला, वकील मिळाले, २०१६ च्या अखेरीस अर्ज दाखल झाला. उशीर दहा वर्षांचा होता, पण पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून तिची तक्रारही दर महिन्याला नव्यानं जन्मते. नुसत्या उशिरामुळे दार बंद होत नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून अशा प्रकरणांत थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २०१८ मध्ये मामूंच्या बाजूनं निकाल लागला. अपंगत्व सेवेमुळे आलेलं मानलं गेलं, २० चे ५० टक्के झाले, थकबाकी २०१३ पासूनची. २००६ ते २०१३ ही वर्षं थैलीतल्या घडीत राहिली, ती परत आली नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या पेन्शनवर टीका होते. काही लोक, विशेषतः अधिकारी, निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब आणि मधुमेह दाखवून फायदा उठवतात असं बोललं जातं. २०२३ मध्ये कॅगच्या अहवालानंही अपंगत्व पेन्शनच्या प्रमाणाकडे बोट दाखवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नवे, जास्त कडक नियम आले. कुणी खोटं घेत असेल तर ते थांबायलाच हवं. खोट्या दाव्याला हक म्हणताच येत नाही, कारण त्यात सत्य नाही. पण जो हुशार आहे, इंग्रजी जाणतो, त्याला जुने नियमही कळत होते आणि नवेही कळतील. फाटक कडक झालं की अडकतो तो पत्राची घडी करून ठेवणारा हवालदार.

म्हणून ज्यांच्या घरी फौजी आहे त्यांना हात जोडून सांगते, पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ आणि वैद्यकीय मंडळाचे कागद एकत्र ठेवा. मंडळाची प्रत नसेल तर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. नामंजुरीचं पत्र असेल तर तारीख बघा. सहा महिने गेले नसतील तर आधी अपील करा. गेले असतील तरी कागद फेकू नका, जाणकाराला दाखवा. २०२३ च्या सप्टेंबरआधी निवृत्त झालेल्या माणसाला नवे नियम दाखवून कुणी परत पाठवत असेल तर गप्प बसू नका. आणि म्हातारा "मला नको" म्हणाला तर ते लगेच खरं मानू नका. त्या "नको"च्या मागं लाज आहे की भीती, ते शेजारी बसून विचारा.

मग तो कागद उजेडात धरा. टक्के किती आहेत ते बघा, आणि 'नाना' असेल तर त्याच्यापुढं कारण लिहिलंय का, तेही बघा.