चिकटायला नाखूश सागवान

सागवान तेलकट असतं हे ऐकून होतो. त्या तेलाचा त्रास काय, ते मात्र मालवणजवळच्या होडी बांधायच्या एका मांडवात मदतनीस म्हणून उभा राहिलो तेव्हा कळलं. छोट्या शिडाच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं पाणी कापणारं बाकदार लाकूड, बनवायची होती. तेवढा बाक असलेलं लाकूड पूर्वी झाडातच हेरून ठेवत. आता पाच-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या फर्म्यावर वाकवून इपॉक्सीनं एकमेकींवर चिकटवतात.

माझ्या डोक्यात घरच्या फर्निचरचं गणित. रंधा मारून गुळगुळीत करायचं, पांढरा गोंद लावायचा आणि क्लॅम्प जमेल तितका पिळायचा. इथे सगळंच उलटं! होडी बांधणाऱ्या मेस्त्रींनी रंधलेल्या पट्ट्यांवर ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायला लावला. एवढं गुळगुळीत केलेलं पुन्हा खरबरीत कशाला, मला उमगेना. मग ॲसिटोनचं फडकं आलं. पांढरं फडकं बघता बघता पिवळट-तपकिरी झालं. पट्ट्या वाळतात न वाळतात तोच मेस्त्री म्हणाले, "आता येळ काढू नको, त्याल परत वर येतला."

गोंदही एकदाच लावायचा नव्हता. आधी नुसत्या पातळ इपॉक्सीचा हात, कारण दाट गोंद लाकडाच्या छिद्रांत नीट शिरत नाही. त्यावर सिलिकाची पूड मिसळून लोण्याइतका दाट केलेला थर. मी क्लॅम्पच्या दांड्याला हात घातला, तसे ते म्हणाले, "मापात आवळ. सगळो गोंद भायर इलो तर भितुर काय रवतला?" इपॉक्सीला फार दाब नको असतो, पट्ट्या एकमेकींना टेकल्या आणि कडेनं गोंदाचे बारीक थेंब आले की पुरे.

तरी माझी खात्री पटेना. तेव्हा त्यांनी आधीच चिकटवून ठेवलेले दोन नमुने पुढ्यात टाकले आणि सांध्यात पटाशी ठेवून हातोडा मारला. नुसता रंधलेला, न पुसलेला जोड सांध्यावरच उकलला. एका बाजूला काचेसारखा चकचकीत गोंद, दुसऱ्या बाजूला कोरं लाकूड. दुसरा नमुना फुटला तो लाकडातून, गोंदाला सागवानाचे तंतू चिकटून आले. ते दोन तुकडे मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

सगळीच लाकडं इतकी हट्टी नसतात. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई' या शिडाच्या होडीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या लाकडी गाभ्यात सिडरच्या पट्ट्या आहेत. सिडर हलकं, गोंद सहज घेणारं. सागवान किंवा त्याहून जड ऐनाचं लाकूड घ्यायचं तर प्रश्न वेगळा. जड लाकूड ओल्या-कोरड्या हवेत फुगतं-आकसतं ते जास्त जोरानं, आणि तो सगळा जोर सांध्यावर येतो. म्हणून पट्ट्या पातळ हव्यात आणि लाकडातली ओल साधारण ८ ते १२ टक्के. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या मांडवात ती इतकी खाली येतच नाही, तेव्हा हे काम कोरड्या दिवसांतलंच.

क्लॅम्प काढल्यावर नाळ किंचित सैल होऊन उघडली. मी घाबरलो. मेस्त्रींनी फर्म्याचा बाक मुळातच जरा जास्त ठेवला होता, उघडून ती बरोबर मापावर आली.

कोणी नव्यानं हे काम हाती घेणार असेल तर एवढं करा: त्याच लाकडाचा, त्याच गोंदाचा एक तुकडा आधी जोडा, पूर्ण वाळू द्या आणि फोडून बघा. लाकूड फुटलं, तरच होडीला हात लावा.