एसी, कांद्याची टरफलं आणि दोन अंडी



यंदा महावीर जयंतीच्या आदल्या आठवड्यातच आमच्या घोडेगावात ऊन इतकं तापलं की वरच्या खोलीचा एसी दमला. सकाळी बरा चालायचा, दुपारी दोननंतर नुसतीच हवा यायची. त्या खोलीत आमच्या सासूबाई असतात. वय 86. डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यात गारव्यात ठेवायला सांगितलेलं.

मेकॅनिकला फोन केला. तो न बघताच म्हणाला, "काकू, गॅस भरावा लागेल." मी कॉमर्स शिकलेली, आधी गळती कुठे आहे ते पाहते, मग पैसे काढते. एसीतला गॅस तेलासारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न काढता भरला तर पुन्हा जाणार.

मग एकेक तपासलं. आतली जाळी धुळीने भरली होती, ती धुतली. सासऱ्यांच्या काळापासूनच्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. 18 वरचा आकडा 24 वर आणला. आकडा खाली नेल्याने खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ चालतं. स्टॅबिलायझरवर व्होल्टेजही पाहिलं, ठीक होतं. तरी फरक थोडाच.

शेवटी गच्चीवर गेले. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरचं युनिट मागून हवा ओढतं. तिथे पाहते तर हायवेची धूळ आणि मार्केटातून उडून आलेली कांद्याची टरफलं पत्र्यांत अडकलेली. आपल्या घरात कांदा येत नाही, पण टरफलं आली! आणि युनिट व भिंतीच्या मध्ये कबुतराचं घरटं, त्यात दोन अंडी.

खरं सांगते, माझा हात पुढे गेला होता. हळूच उचलून कोपऱ्यात ठेवू, कोण पाहतंय? पण जागा बदलली की कबूतर बहुधा अंड्यांकडे फिरकत नाही. खाली येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी खाट खाली घे. खाली पंखा आहे ना?"

एसीचं मेन बटण बंद केलं. खाट पूर्वेच्या खोलीत आली. एका रात्री त्यांना फार अस्वस्थ वाटलं, डॉक्टरांना बोलवावं लागलं, सलाईन लागलं. त्यांच्या उशाशी बसून मी नवकार म्हणत होते आणि मनात एकच, मी चुकले तर नाही ना? मुलगा रागावला, त्याचंही चूक नव्हतं.

अंडी उबायला साधारण 18 दिवस, पिल्लू उडायला आणखी महिना. एक अंडं फुटलंच नाही. एक पिल्लू वैशाख संपता संपता उडालं. मग मेकॅनिकला बोलावून समोर उभं राहून काम करून घेतलं. आधी पुंजणीने मुंग्या-कोळी बाजूला केले, मऊ ब्रशने टरफलं काढली, मग हलक्या धारेने पाणी. गॅसचं प्रेशर तपासलं तर पूर्ण होतं! त्याच दुपारी खोली गार झाली.

एसी चालवणं म्हणजेही तेउकाय-वाउकायाची विराधना, हे मला कळतं. म्हणून सासूबाईंनी दुपारी 12 ते 5 एवढीच मर्यादा ठेवली आहे.

मैत्रिणींनो, एवढं करा. माघातच, घरटं बांधायच्या आधी, बाहेरचं युनिट साफ करून घ्या आणि मागे मोठ्या भोकांची तारेची जाळी लावा, हवा अडू देऊ नका. ही जयणा मी वेळेत केली असती, तर सासूबाईंना ती रात्र काढावी लागली नसती. चूक माझीच. मिच्छामि दुक्कडं.